एकच लेन्स, दोन सेन्सर

भाचा कॅमेरा घेताना अडलाय: एपीएस-सी (लहान सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणारी चिप लहान असलेला) घेऊ की फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा)? दोन्ही २४ मेगापिक्सेल, लेन्स तीच.

अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरची एक सुरसुंदरी, म्हणजे दगडात कोरलेली अप्सरा, दोन्हींवर टिपली, चौकटीत सारखीच बसवून. फुल फ्रेमवर तिच्या पैंजणाची कड स्वच्छ उठली. कारण साधं आहे. ३६ मिमीऐवजी साधारण २४ मिमी रुंद सेन्सरवरचं चित्र त्याच आकारात छापायचं तर दीडपट मोठं करावं लागतं, आणि लेन्सचा मऊपणाही (किंचित धूसरपणा) तेवढाच वाढतो. कोपऱ्यांत मात्र एपीएस-सी सरस, कारण तो लेन्सचा मधला, चांगला भागच वापरतो.

वजन, पैसे? एपीएस-सी हलका, स्वस्त.

रंकाळ्यावरचे लांबचे पक्षी टिपायचे तर डोळे झाकून एपीएस-सी घे; तेवढेच पिक्सेल लहान सेन्सरवर दाटीनं असल्यानं पक्ष्यावर जास्त पिक्सेल पडतात. लग्नाचे मोठे प्रिंट काढायचे असतील तर फुल फ्रेमच.