सोनोग्राफी मशीनचं पॅनल वर-खाली करायला गॅस स्प्रिंग घ्यावी का मोटर?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा फोन आला, जुळे सोलापुरात स्वतःचं सेंटर टाकतोय. म्हणला, सर, दोन कोटेशन हातात आहेत, इमेज दोन्हीची मला तरी सारखीच वाटली, प्रोब (पेशंटच्या अंगावर फिरवायचा तो) सारखे, पैशाचा फरक फार नाही, फक्त एकाचं पॅनल, म्हणजे बटणांचा बोर्ड, मोटरवर वर-खाली होतं आणि दुसऱ्याचं गॅसवर, त्यात बघण्यासारखं काय असतं का? मी म्हणलं, अरे बाबा, तेच तर बघायचं असतं. मग तासभर बोललो, आणि बोलून झाल्यावर वाटलं की हे लिहूनच ठेवावं, कारण हा प्रश्न मला हा तिसरा माणूस विचारतोय.

माझं पहिलं मशीन मोटरवालं होतं, सात वर्षं वापरलं. आत्ताचं गॅसवालं, त्याचा हा चौथा उन्हाळा. तेव्हा दोन्हीचं थोडंफार कळतं असं म्हणायला हरकत नाही. मेगाहर्ट्झ, चॅनल, पोर्ट किती वगैरे तुम्हाला सेल्सवाला सांगेलच, ते इथं लिहीत बसत नाही.

लोकांना वाटतं मी मोटर लाइट जाण्यामुळं सोडली. तसं नाही. लाइट जाते, उन्हाळ्यात दुपारी तर हमखास जाते, पण यूपीएस सगळ्यांकडेच असतो आणि पॅनल काय दिवसभर वर-खाली करत बसत नाही आपण. एकदा मात्र चांगलीच फजिती झाली होती. कॉलमचा, म्हणजे पॅनल ज्यावर चढतं-उतरतं त्या खांबाचा, लिमिट स्विच (टोकाला पोचलं की मोटर थांबवणारा) गेला आणि पॅनल अगदी वर जाऊन अडकलं. इंजिनिअर पुण्याहून येणार, पुणे अडीचशे किलोमीटर, शिवाय पार्ट मागवायचा, चार दिवस गेले. चार दिवस मी दुकानातल्या वरच्या फळीवरचा डबा काढतात तसा हात उंच करून टायपिंग करत होतो. शेजारच्या डॉक्टरांचं मशीन दोन दिवस आणू म्हणावं तर आपल्या धंद्यात ते चालत नाही, पीसीपीएनडीटीमध्ये, म्हणजे गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यात, मशीन ज्या जागेच्या नावावर नोंदवलंय तिथंच राहतं आणि बदलायचं झालं तरी समुचित प्राधिकाऱ्याला आधी कळवावं लागतं. म्हणजे आपलं मशीन बसलं की आपण पण बसलो. पण खरं सांगतो, सात वर्षांत एकदाच झालं ते, एवढ्यावरून मी मोटरला वाईट म्हणणार नाही. गॅसवाल्यांचं पण काहीतरी अडकतंच, त्यावर येतो.

माझं डोकं फिरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं, आणि ती इतकी बारीक आहे की डेमोच्या दिवशी कुणालाच दिसत नाही. ती म्हणजे बटण दाबून धरावं लागतं.

मोटरच्या कॉलममध्ये आत आटे पाडलेला रॉड असतो, मोटर तो फिरवते आणि पॅनल चढतं किंवा उतरतं. आट्यांमुळं ते आपोआप खाली येत नाही, लाइट गेली तरी आहे तिथंच राहतं, हा त्याचा मोठा गुण. पण वेग ठरलेला. आणि सुरक्षेसाठी बोट बटणावर आहे तोवरच ते हलतं, बोट उचललं की थांबलं. माझ्या मशीनवर पूर्ण वरून पूर्ण खाली यायला मनात बारा-तेरा आकडे मोजून व्हायचे. ऐकायला काहीच नाही वाटत ना? मलाही नव्हतं वाटलं.

आता आपलं सोलापूरचं काम बघा. पोटाचे, गरोदर बायांचे पेशंट सगळीकडेच असतात, पण माझ्याकडं पूर्व भागातनं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं व्हेरिकोज व्हेनचे पेशंट भरपूर येतात, लूमवर उभारून उभारून पायाच्या शिरा फुगलेले. आणि व्हेरिकोजचं डॉप्लर, म्हणजे शिरेत रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी, पेशंटला उभं करूनच करायचं असतं, झोपवून केलं तर रक्त उलटं येतंय का ते नीट दिसतच नाही. पेशंट बुटक्या स्टुलावर उभा, ज्या पायाचं बघायचं तो सैल, भार दुसऱ्या पायावर. मी जांघेपासून सुरू करतो, तेव्हा मी उंच स्टुलावर, पॅनल वर. मग मांडी, मग गुडघ्यामागं, मग पोटरी, मग घोटा, आणि मी पण स्टूल खाली करत करत शेवटी जवळजवळ जमिनीला टेकतो. उजव्या हातात प्रोब. डाव्या हातानं पोटरी दाबायची आणि सोडायची, सोडल्यावर उलटं रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वाहिलं तर वरवरच्या शिरेचा व्हॉल्व्ह गेला म्हणायचं. म्हणजे डावा हात पोटरीवरून पॅनलवर, चित्र फ्रीज करायचं, माप घ्यायचं, परत पोटरीवर. आणि ह्याच डाव्या हाताच्या बोटानं, जेल लागलेल्या बोटानं, मध्येच बारा आकडे बटण दाबून धरायचं. बोट घसरतं, पॅनल थांबतं, परत दाबा. प्रोब तोवर जागचा हललेला असतो, शीर परत शोधा.

एक मामा होते, चादरीच्या कारखान्यात सगळी उमर काढलेले. मी आपला बटण दाबून धरलंय, मशीन घूंऽऽ करत उतरतंय, आणि मी त्यांना म्हणतोय, मामा, दोन मिनिटं तसंच उभारा हं, झालंच. ते म्हणाले, उभारायचं काय नाय डॉक्टर, सवय हाय की, तुमी करा तुमचं निवांत. मलाच लाज वाटली.

तर झालं काय, महिन्या-दोन महिन्यात मी पॅनल हलवायचंच बंद केलं. सकाळी एका मधल्याच उंचीला लावायचं आणि संध्याकाळपर्यंत त्यावरच ओढायचं. कोण बारा आकडे थांबणार, बाहेर पंधरा पेशंट बसलेत. प्रोबवाला दंड अंगापासून तीस अंशापेक्षा जास्त लांब जाऊ देऊ नका असं आपल्याला सगळ्यांना सांगितलेलं असतं, मॉनिटरचा वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत ठेवा म्हणून पण सांगितलेलं असतं. पण पॅनल उंच राहिलं की एका हातानं पॅनल गाठायचं आणि दुसऱ्यानं पेशंट, मधल्या मधे आपण ताणलो जातो. पाचव्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. आता तो मशीननं धरला का वयानं धरला हे मी छातीठोक सांगू शकत नाही, बॅडमिंटन पण खेळायचो. पण एवढं नक्की की लाखभर रुपयाचा लिफ्ट असलेलं मशीन मी ठोकळ्यासारखं वापरत होतो.

गॅसवाल्याचं तसं नाही. खुर्चीखाली जो पंप असतो ना, लिव्हर ओढला की वर येतो आणि सोडला की तिथंच लॉक, तीच जात. बंद सिलिंडरमध्ये दाबून भरलेला नायट्रोजन आणि सील ओलं राहावं म्हणून थोडं तेल. हँडलखाली लिव्हर असतो, चार बोटांनी आवळायचा, तळहातानं पॅनल जरा रेटायचं, झालं. पोटरीवरून हात काढला, लिव्हर आवळला, पॅनल खाली, परत पोटरीवर, पेशंटला कळत पण नाही. मशीन बंद असलं तरी हलतं, सकाळी मावशी फरशी पुसताना पॅनल वर करून खालनं पुसून घेतात. आता मी दर पेशंटला पॅनल हलवतो, एकाच पेशंटला तीन-चारदा हलवतो, आणि मुद्दाम लक्षात ठेवून नाही, आपोआप.

पण म्हणून गॅस म्हणजे बिनघोर असंही नाही हं. दोन गोष्टी आधी माहिती पाहिजेत.

एक म्हणजे वजन. स्प्रिंग कंपनीनं पॅनल आणि मॉनिटरच्या वजनाला जुळवून बसवलेली असते. आपण काय करतो, वर थर्मल प्रिंटर ठेवतो, जेलची बाटली गरम करायचा डबा अडकवतो, फॉर्म एफ ची (गरोदर पेशंटच्या सोनोग्राफीला कायद्यानं भरायचा तो फॉर्म) फाइल ठेवतो, आणि मग म्हणतो लिव्हर आवळला की धाडकन खाली येतंय. येणारच की. मी प्रिंटर खालच्या न हलणाऱ्या कप्प्यात टाकला, तक्रार संपली.

दुसरं, आपला उन्हाळा. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. रविवारी सेंटर बंद, एसी बंद, वरती स्लॅब, एप्रिल-मे महिना. सोमवारी सकाळी पॅनल खाली रेटायला गेलो तर रेटेच ना, वाटलं लिव्हर अडकला. तासाभरानं एसीनं खोली गार झाली आणि परत लोण्यासारखं. मग डोक्यात आलं, गॅस तापला की दाब वाढणारच, शाळेतलंच आहे. हिशोब करून बघा, २२ अंशावरून ४२ अंशावर गेलं तर दाब साधारण सात टक्के वाढतो. ४०० न्यूटनची स्प्रिंग धरली तर पावणेतीन किलो जादा रेटावं लागणार. पुण्या-मुंबईच्या डेमो रूममध्ये हे कधीच दिसणार नाही. मी आता आलो की पहिला एसी लावतो आणि मग चहा घेतो, तोवर ते जाग्यावर येतं.

तिसरी एक किरकोळ, लिव्हरची केबल. गाडीच्या क्लचची केबल असते तशीच असते ती, ढिली पडते, मग लिव्हर पूर्ण आवळूनही लॉक नीट सुटत नाही. पाना लावून एक-दोन आटे ताणले की झालं, इंजिनिअर पुढच्या वेळी आला की करून घ्या. स्प्रिंगच गेली असेल, म्हणजे पॅनल वर राहतच नसेल, तर ती दुरुस्त होत नाही, अख्खी बदलायची. आणि गॅरेजवाल्याकडं नेऊन कारच्या डिकीचा शॉकअप बसवून द्या म्हणू नका, एकानं खरंच केलंय. डिकीच्या शॉकअपला मध्ये लॉक नसतो. आणि जुनी स्प्रिंग कापायला किंवा तापवायला तर अजिबात जाऊ नका, आत दाब असतो.

मोटरची बाजू घ्यायची तर घेतोच. आमच्या घरात दुसरी सोनोलॉजिस्ट, म्हणजे सोनोग्राफी करणारी डॉक्टर आहे, बायको, उंची पाच फूट. दुपारी एक ते चार तीच बसते. माझ्या उंचीवर लावलेलं पॅनल तिच्या उंचीला आणताना तिला अंगाचा भार टाकून रेटावं लागतं, आणि सोमवारची गोष्ट तर विचारूच नका. तिचं वाक्य आहे, तुमचा खांदा वाचला पण माझं मनगट गेलं. चुकीचं नाही ती. जिथं तीन-चार डॉक्टर वेगवेगळ्या उंचीचे एकाच मशीनवर पाळीनं बसतात, ज्याचं त्यानं आपल्या पाळीला एकदा लावलं की झालं, जिथं मोठा जड मॉनिटर आहे, तिथं मोटरच बरी पडेल. फक्त सारखी सारखी वर-खाली चालवायची सवय असेल तर विचारून घ्या, ह्या मोटरी बऱ्याचदा दोन मिनिटं चालून अठरा मिनिटं विश्रांती ह्या हिशोबाच्या असतात, जास्त चालवली की तापून थांबतात. पोटाचं आणि गरोदरपणाचंच काम असेल तर हा त्रास तुम्हाला होणार पण नाही.

मॉनिटरचा हात हा वेगळा विषय, त्यात दोन्ही कंपन्या सारख्याच. आत स्प्रिंग असते, टेबल लॅम्पच्या हातासारखी, मॉनिटरचं वजन तोलायला. वर्षभरानं सांधा सैल होतो आणि मॉनिटर मान टाकल्यासारखा हळूहळू खाली बघायला लागतो. ॲलन की नं स्क्रू आवळा, फार नाही, अर्धा आटा. ट्रॉली दुसऱ्या खोलीत ढकलताना हात दुमडून लॉक करा, नाहीतर दाराला मॉनिटर पहिला लागतो. चाकांचं पण तेच, आमच्याकडं पेशंट चादरी गुंडाळून येतात, त्याचे दोरे चाकात इतके गुंडाळतात की ब्रेक लागेना, महिन्यातनं एकदा कात्रीनं कापून काढावे लागतात.

जुनं मशीन घेणार असाल तर गॅसवाल्याच्या कॉलमवर संध्याकाळी पेन्सिलनं बारीक रेघ मारा आणि सकाळी बघा. रेघ जागेवर पाहिजे. खाली सरकली असेल तर लॉक नाहीतर स्प्रिंग गेली. मोटरवाल्याचं चार-पाचदा वर-खाली करून आवाज ऐका, मध्येच हिसका बसतो का ते बघा, आणि मशीन बंद करून बटण दाबा, काही मॉडेलमध्ये बॅटरीवर हलतं, बऱ्याचमध्ये नाही.

ज्युनिअरला मी शेवटी एवढंच सांगितलं की बाबा, डेमोला जाशील तेव्हा डाव्या हाताला जेल लाव, उजव्या हातात प्रोब धरून कुणाच्या तरी पोटरीवर ठेव, आणि मग पॅनल खाली घेऊन बघ. त्यानं परवा दोन्हीकडं करून बघितलं. काय घेतलं ते अजून कळवलं नाही. आमच्याकडं पुढच्या वर्षी दुसऱ्या खोलीत अजून एक मशीन येतंय, ते बायको निवडणार आहे, आणि ती मोटरवालंच घेणार हे मला आत्ताच माहिती आहे.