क्यूएलसी एसएसडी: वेग पुरेसा, भरवसा बेताचा

एक टेराबाइट क्षमतेची ही क्यूएलसी एसएसडी, म्हणजे फ्लॅश चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह, काही महिने रोजच्या कामात वापरल्यावर वेगाबद्दल फारशी तक्रार नाही. मोठे व्हिडिओ एका दमात कॉपी करताना मात्र एसएलसी कॅश (ड्राइव्हमधील वेगवान तात्पुरता साठा) भरताच वेग थेट हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. खरा प्रश्न विश्वासार्हतेचा आहे. क्यूएलसीच्या एका सेलमध्ये, म्हणजे चिपवरील साठवणीच्या सर्वात छोट्या कप्प्यात, चार बिट साठवायचे असल्याने विद्युतभाराच्या १६ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, सेलमागे तीन बिट साठवणाऱ्या टीएलसीत त्या ८ असतात; पातळ्यांमधील अंतर कमी झाले की थोडीशी भारगळतीही बिट चुकवायला पुरते. अशा चुका कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप) सतत दुरुस्त करत असतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. गूगलच्या डेटा सेंटरमधील ड्राइव्हवरील २०१६ सालच्या अभ्यासात, फ्लॅश ड्राइव्ह बदलण्याची वेळ हार्ड डिस्कपेक्षा कमी वेळा आली, तरी पहिल्या चार वर्षांत २० ते ६३ टक्के ड्राइव्हमध्ये दुरुस्त न झालेली किमान एक चूक आढळली. वेष्टनावर ठळक छापलेला टीबीडब्ल्यूचा, म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील याचा, आकडा याविषयी काहीच सांगत नाही, हे जरा खटकतेच.

स्मार्टच्या, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या, नोंदीत या ड्राइव्हचे ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ (दुरुस्त न झालेल्या चुका) अद्याप शून्य आहेत. गेम आणि ॲप्लिकेशनसाठी ती जरूर घ्यावी. परंतु वीज नसताना सेलमधील भार हळूहळू गळत असल्याने, छायाचित्रांची एकमेव प्रत हिच्यावर ठेवून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याची शिफारस मी करणार नाही.