बलाट्रो: काही महिने खेळल्यानंतर

पत्त्यांचा डाव, पण समोर कोणी बसलेलं नाही. पैसे लावायचे नाहीत, कुणाचा चेहरा वाचायचा नाही, खोटा आव आणायचा नाही. कॅनडातल्या, 'लोकलथंक' या टोपणनावाने वावरणाऱ्या एकट्या माणसाने बनवलेला बलाट्रो हा व्हिडिओ गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. पोकरमधली जोडी, फ्लश, फुल हाउस एवढीच त्याने ठेवली आणि त्याभोवती बेरीज-गुणाकाराचा कारखाना उभा केला.

हातात आठ पानं, त्यातली पाचपर्यंत टाकायची. जोडीला १० चिप्स (म्हणजे मूळ गुण) गुणिले २ (हा गुणक), फ्लशला (तीन पत्तीवाल्यांनी 'कलर' समजा) ३५ गुणिले ४, शिवाय त्या जोडणीत मोजल्या जाणाऱ्या पानांचे आकडे चिप्समध्ये मिळवायचे. पहिलं लक्ष्य ३००, मग ४५०, मग बॉसचं, म्हणजे टप्प्यातल्या शेवटच्या फेरीचं, ६००. असे तीन-तीन फेऱ्यांचे आठ टप्पे. तीनशे कोणीही करेल. पण सगळ्यात सोप्या पातळीवरसुद्धा शेवटचा बॉस एक लाख मागतो, आणि नशीब फुटकं असेल तर तीन लाख. नुसत्या फ्लशने तिथवर कोण पोचणार?

तिथवर नेतात ते जोकर, म्हणजे गेममधल्या दुकानातून घ्यायची खास पानं. एकूण १५०, आणि जवळ ठेवायला जागा पाचच. खरी मजा इथे आहे. एक जोकर गुणकात १५ मिळवतो, दुसरा गुणक तिप्पट करतो. मूळ गुणक ४ असेल तर आधी बेरीज, मग तिप्पट: ५७. क्रम उलटा लावलात तर २७. तेच दोन जोकर, फक्त डावा-उजवा. 'बॅरन' तर हातात न टाकता ठेवलेल्या प्रत्येक राजामागे गुणक दीडपट करतो, म्हणजे राजे टाकायचेच नाहीत, साठवायचे! रमीत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

'ग्रो मिशेल' नावाचा केळ्याचा जोकर दर फेरीअखेर सहात एकदा नष्ट होऊ शकतो. तो गेल्यावरच 'कॅव्हेंडिश' दुकानात यायला लागतो. खऱ्या जगातही केळीवरच्या पनामा रोगाने ग्रो मिशेल या जातीचा व्यापार बुडाला आणि कॅव्हेंडिश गटाने जागा घेतली. जळगावची ग्रँड नैन त्याच गटातली. असला आगाऊपणा मला फार आवडतो.

गेममधल्या खोट्या पैशांचा हिशेबही मस्त आहे. शिल्लक प्रत्येक ५ डॉलरमागे १ डॉलर व्याज, जास्तीत जास्त ५. म्हणून २५ गाठीला ठेवून वरचेच खर्च करायचे, हे अंगवळणी पडलं की डाव लांब जातो.

आता तक्रारी. पानं टाकण्याआधी किती गुण होतील हे गेम सांगत नाही. सुरुवातीला त्यात थरार वाटतो. पण पुढे दहा-बारा गोष्टी एकमेकांना गुणायला लागल्या की एकतर अंदाजपंचे टाका, नाहीतर शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन बसा. दुसरं म्हणजे पहिले दोन टप्पे दर वेळी तसेच रटाळ.

माझी मुख्य नाराजी मात्र वरच्या पातळ्यांवर आहे. आठ पातळ्यांपैकी शेवटच्यांत काही जोकर विकता येत नाहीत, काही पाच फेऱ्यांत निकामी होतात, तर काहींचं दर फेरीला ३ डॉलर भाडं भरावं लागतं. कठीण असायला हरकत नाही. पण हाताला येईल त्यातून काहीतरी वेडं उभं करायचं, हेच या गेमचं सुख, आणि या अटी नेमकं तेच हिरावतात. मग पहिल्या दोन दुकानांत ठरावीक जोकर आले नाहीत की डाव मोडून नवा सुरू करणं, एवढंच उरतं.

युरोपात त्याला आधी १८ वर्षांवरच्यांचा शिक्का दिला होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १२ वर आणला. बरं झालं. खऱ्या पैशांचा व्यवहार गेममध्ये कुठेच नाही, एकदाच विकत घ्यायचा. खऱ्या पैशांनी नशिबाच्या पेट्या विकणारे फुकट गेम मला जास्त घातक वाटतात.

फोनवर जोकरांची माहिती वाचताना डोळे बारीक करावे लागतात, म्हणून शक्य असेल तर संगणकावरच घ्या. दीडशेही जोकरांवर सोन्याच्या, म्हणजे सगळ्यात कठीण पातळीचा स्टिकर मिळवायची हौस असेल तर खुशाल. मी खालच्या पातळ्यांवरच वेगवेगळे डेक (पत्त्यांचे संच) घेऊन खेळतो.