मीटरच्या लाइनला कन्व्हर्टर घेताना: पोर्टवरचा, यूएसबीचा की २४ व्होल्टचा?

पॅनेलमधल्या एनर्जी मीटरांचं रीडिंग कॉम्प्युटरवर किंवा पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरमध्ये) घ्यायचं ठरलं की बहुधा कन्व्हर्टर लागतो. मीटर आरएस-४८५ वर (एकाच दोन वायरींच्या लाइनवर अनेक यंत्रं जोडायची पद्धत) बोलतात आणि समोरच्या यंत्राला बऱ्याचदा आरएस-२३२ (जुना सिरियल पोर्ट) नाहीतर यूएसबी असतो; कन्व्हर्टर एकाचं बोलणं दुसऱ्याला समजेल असं करतो. दुकानात साधारण तीन प्रकार दाखवतात: पोर्टमधूनच वीज घेणारा काडेपेटीएवढा, यूएसबीत खुपसायचा, आणि डिन रेलवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) बसणारा २४ व्होल्टचा आयसोलेटेड, म्हणजे आतून बाजू विजेने एकमेकांपासून तोडलेला. बहुतेक जण किंमत आणि बॉड रेट (डेटाचा वेग) बघून उचलतात. त्याआधी दोन प्रश्न विचारा असं मी प्रत्येकाला सांगतो: याला वीज कुठून मिळणार, आणि त्या विजेसोबत कोणाचं ग्राउंड कोणाला जोडलं जाणार?

पोर्टवर चालणारा प्रकार दिसायला सोपा असतो. ॲडॅप्टर नको, वेगळी वायर नको. डीबी-९ या नऊ पिनांच्या कनेक्टरवर ७ नंबर पिनवरची आरटीएस आणि ४ नंबरवरची डीटीआर या इशाऱ्याच्या लाइनींच्या व्होल्टेजवर तो जगतो. अडचण करंटची आहे. आरएस-२३२ चं मानक ३ किलोओहमच्या भारावर ५ व्होल्टची हमी देतं, म्हणजे एका लाइनमागे जेमतेम १.७ मिलिअँपिअर. प्रत्यक्षात चांगले पोर्ट याच्या काही पट देतात, पण हमी एवढीच. आता ४८५ ची बाजू बघा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर (यालाच टर्मिनेशन म्हणतात) लावले की कन्व्हर्टरला ६० ओहम दिसतात. त्यांवर किमान दीड व्होल्टचा फरक ठेवायचा तर पाठवताना २५ मिलिअँपिअर लागतात. हे गणित पोर्टच्या जिवावर जुळत नाही.

एका साखर कारखान्यात गाळप हंगामाच्या तोंडावर मी हाच प्रकार लावला होता. चौदा मीटर, शेवटच्या मीटरपर्यंत तीनशे मीटर केबल. ऑफिसच्या टेबलावर एका मीटरशी सगळं सुरळीत चाललं होतं. साइटवर रीडिंग येत होतं, पण मीटरमध्ये सेटिंग लिहायला गेलं की समोरून उत्तर नाही. मल्टिमीटरचा लाल प्रोब पिन ७ ला, काळा पिन ५ ला, म्हणजे ग्राउंडला, लावला. कन्व्हर्टर काढलेला असताना साडेनऊ व्होल्ट, लावल्यावर साडेसहा, आणि सतत डेटा पाठवायला लावल्यावर साडेचारच्याही खाली. मॉडबसमध्ये (मीटरांशी बोलायची भाषा) रीडिंग मागायची फ्रेम, म्हणजे एक संदेश, ८ बाइटची असते. ९६०० बॉडला ती साधारण ८ मिलिसेकंदांत संपते, तेवढा वेळ आतला कपॅसिटर निभावून नेतो. लिहिण्याची लांब फ्रेम मात्र मध्येच दम सोडत होती. त्या रात्री टर्मिनेशनचे रेझिस्टर काढून काम चालवलं. कमी बॉडला ते चालूनही जातं. पण उद्या वेग वाढवला किंवा लाइन लांबवली की तेच दुखणं परत येणार, हे मला दिसत होतं. दुसऱ्या आठवड्यात तो कन्व्हर्टर बदलला.

आणखी एक खोच आहे. कितीतरी पीएलसींच्या आरएस-२३२ पोर्टवर टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची) आणि ग्राउंड या तीनच लाइनी असतात. तिथे आरटीएस-डीटीआरच नाहीत, मग याला वीज कोण देणार? पीएलसीसाठी घेत असाल तर हा पर्याय इथेच सोडा.

यूएसबीवाल्याला विजेची ददात नाही. ५ व्होल्ट मिळतात, यूएसबी २.० वर ५०० मिलिअँपिअरपर्यंत. टर्मिनेशन लावा, तो वाकत नाही. किंमत काही शे रुपये. कमिशनिंगला (नवी यंत्रणा सुरू करून द्यायला) जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत हा असावाच. कायमचा लावायला मात्र मी साधा, आयसोलेशन नसलेला यूएसबी कन्व्हर्टर देणार नाही. त्याचं ग्राउंड म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचं ग्राउंड. कॉम्प्युटर ऑफिसच्या अर्थिंगवर, मीटर मोटरच्या पॅनेलमध्ये, शेजारी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) चालू. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये काही व्होल्टचा फरक सहज असतो, आणि ४८५ ची चिप उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सहन करते. फरक त्यापलीकडे गेला की आधी रीडिंग तुटतं, मग चिप जाते, कधी कॉम्प्युटरचा पोर्टही. शिवाय दुसऱ्या खाचेत लावला की कॉम पोर्टचा नंबर बऱ्याचदा बदलतो आणि सकाळी ऑपरेटरचा फोन येतो. सॉफ्टवेअर दर सेकंदाला बरेच मीटर वाचत असेल तर एफटीडीआय चिपच्या ड्रायव्हरमधला लेटन्सी टायमरही (आलेला डेटा कॉम्प्युटरला देण्याआधी थांबायची वेळ) बघा. तो मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, कमी करता येतो.

कायमच्या कामाला २४ व्होल्टचा आयसोलेटेड घ्या. काही हजार जातात, पण हंगामात एकदा लाइन बंद पडली तर त्याहून जास्त जातात. घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारा: आयसोलेशन फक्त सिग्नलला आहे की वीज, २३२ आणि ४८५ अशा तिन्ही बाजू एकमेकांपासून वेगळ्या आहेत? नुसता सिग्नल ऑप्टोकपलरने (प्रकाशातून सिग्नल पुढे देणाऱ्या भागाने) तोडला आणि २४ व्होल्टचं निगेटिव्ह आतून ४८५ च्या ग्राउंडलाच जोडलेलं असेल, तर ज्यासाठी पैसे दिले तेच मिळालं नाही. कॉन्टॅक्टर आणि सोलेनॉइडच्या कॉइल ज्या एसएमपीएसवर (२४ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर) आहेत त्यावर हा बसवू नका. कॉइल सुटताना येणारा झटका थेट इथे पोचतो. छोटा वेगळा एसएमपीएस द्या, फ्यूज टाका, आणि पॉवर देण्याआधी टर्मिनलवरचे प्लस-मायनस मल्टिमीटरने तपासा.

जोडणी कुठल्याही प्रकारात सारखीच. केबल मीटरकडून मीटरकडे साखळीत न्या, मधून फाटे काढू नका. शिल्ड (केबलमधलं धातूचं वेष्टन) एकाच टोकाला अर्थ करा. दोन वायरींसोबत तिसरी ग्राउंडची वायर, मीटरला तसं टर्मिनल असेल तर, जरूर ओढा. टर्मिनलवरच्या ए आणि बी या अक्षरांवर विसंबू नका, कारण बऱ्याच उत्पादकांची ती मानकाच्या उलट असतात. उत्तर येत नसेल तर दोन वायरी अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही. सगळं जोडून, कोणी बोलत नसताना डी-प्लस आणि डी-मायनस या त्याच दोन वायरींमध्ये व्होल्टेज मोजा. ते प्लसच्या बाजूने २०० मिलिव्होल्टच्या वर स्थिर दिसलं पाहिजे. शून्याजवळ घुटमळत असेल तर कन्व्हर्टरमधलं बायसिंगचं (रिकाम्या लाइनला ठरावीक व्होल्टेज देणारं) जंपर चालू करा आणि परत मोजा.