चीफ्टन्स 1 ते 10, सेकंडहँड संच: हिवाळाभर ऐकल्यानंतर

चीफ्टन्स म्हणजे पारंपरिक आयरिश संगीत वाजवणारी मंडळी, आणि 1 ते 10 हे त्यांच्या अल्बमचे नंबर. ‘संपूर्ण संच, उत्तम स्थिती’ असं वाचून हा सीडींचा संच ऑनलाइन घेतला. 4 नंबरची डबी उघडली तर आत 2 नंबरची सीडी. 2 नंबरच्या डबीतही 2 नंबरच. विकणाऱ्याला कळवलं, तर उत्तर आलं की डब्या दहा, सीडी दहा, ओरखडा एकीवरही नाही, मग आमचं चुकलं कुठे? संच परत पाठवावा तर टपालखर्च माझ्या माथी. पुष्कळ मेलामेलीनंतर थोडे पैसे परत आले, तेही उपकार केल्यासारखे. मी डब्लिनमध्येच राहते, पण विकणारा कुठल्या देशात बसलाय हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि गायब व्हायचा तो नेमका 4 नंबर! 1973 चा. डेरेक बेलची हार्प या संचात पहिल्यांदा येते ती तिथे, आणि आयरिश संगीतकार शॉन ओ रीअदाने चाल दिलेलं ‘म्ना ना हेरन’ हे गाणंही तिथेच. दिग्दर्शक कुब्रिकने ते ‘बॅरी लिंडन’ सिनेमात घेतलं आणि मंडळी आयर्लंडबाहेर घरोघरी पोचली. (ऑस्कर गेलं लेनर्ड रोझनमनला, रूपांतरित संगीताचं.) तो अल्बम शेवटी मोबाइलवर ऐकला, जाहिरातींसकट. दरमहा पैसे भरून संगीत भाड्याने घ्यायची माझी तयारी नाही.

आता माझी मुख्य तक्रार: बाउरान, म्हणजे आयरिश ढोल. माझी म्हणजे आमच्या घराची. घरात तबला आहे, तो रोज वाजतो, त्यामुळे सम कुठे आहे हे कानाला सांगावं लागत नाही, पण ती दिसली नाही तर चुकल्यासारखं होतं. 1 नंबर लावला आणि पहिला आठवडा मी फक्त तालवाद्य शोधत होते. डेव्हिड फॅलन वाजवतोय असं कव्हरवर आहे, पण मला हवा तेवढा तो ऐकूच येईना. बास वाढवला, स्पीकर भिंतीपासून लांब ओढले, मग परत भिंतीला लावले. बकऱ्याचं कातडं ताणलेली एवढी मोठी चौकट, एका हातात काठी, दुसरा हात आतून कातड्यावर दाब देऊन सूर खालीवर करतोय, आणि ऐकू काय येतं तर लांबून कुणीतरी गादी झोडतंय.

रागाच्या भरात या वाद्याची माहिती काढत बसले. एरवी ते संगीताच्या बैठकीतलं वाद्यच नव्हतं. 26 डिसेंबरला सोंगं घेऊन दारोदार फिरणारी पोरं ते बडवायची. 1960 च्या आसपास ओ रीअदाने क्योल्तोरी खूलन नावाचा वाद्यवृंद जमवला आणि त्यात बाउरानला मानाची खुर्ची दिली. स्वतः तो हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारं, पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य) वाजवायचा, जुन्या धातूच्या तारांच्या हार्पचा आवाज त्यातल्या त्यात जवळ यावा म्हणून. पॅडी मोलोनी, मार्टिन फे, शॉन पॉट्स, मायकल टब्रिडी हे सगळे त्याच वृंदातले. म्हणजे 1962 साली मोलोनीने चीफ्टन्स जमवले तेव्हा जवळजवळ अख्खं घर ओ रीअदाकडचंच होतं. एकाने सुरुवात करायची, दोघांनी शिरायचं, मग सगळ्यांनी, मग पुन्हा एकालाच सोडून द्यायचं, ही रचनाही तिकडचीच. मोलोनीने ती आणखी घोटली.

माझं मत फिरलं ते त्या जास्तीच्या 2 नंबरमुळे. दोन प्रती होत्या म्हणून एक स्वयंपाकघरात ठेवली आणि ती दिवसभर वाजायला लागली. त्यात शिकारीचं ‘द फॉक्सहंट’ आहे: इलन पाइप्सवर, म्हणजे भात्याच्या आयरिश बॅगपाइपवर, घोड्यांची दौड, कुत्र्यांचं भुंकणं, शेवटी मेलेल्या कोल्ह्यासाठी विलाप. भाजी चिरताना लक्षात आलं की ताल कुठे हरवलेलाच नाही, तो पाइपवाल्याच्या बोटांत आहे. कोपराखालच्या भात्याने हवा भरायची, चँटरचं, म्हणजे चाल वाजवायच्या नळीचं, तोंड मांडीवर टेकवून सूर कापायचा, आणि त्याच वेळी मनगटाने रेग्युलेटर नावाच्या जोडनळ्यांच्या कळा दाबून मधेच स्वरांचे ठोके द्यायचे. बासरी आणि फिडलवाले (फिडल म्हणजे व्हायोलिनच) एका लांब स्वराला वरून एक, खालून एक टिचकी मारून त्याचे तुकडे पाडतात. हे सगळं मुळात नाचणाऱ्यांच्या पायांसाठी. आठ मात्रागटांचा एक भाग दोनदा, दुसरा दोनदा, की चाल पूर्ण. ती दोन-तीन वेळा झाली की न थांबता पुढची. जिग नावाच्या नाचाच्या चालीत सहाचा झोका असतो, तो दादऱ्याच्या कानाला लगेच सापडतो. स्लिप जिगच्या नऊला मात्र आमच्या घरात अजून भांडण आहे.

एवढं समजल्यावर परत 1 नंबर लावला, बास होता तिथे नेऊन ठेवला, आणि मग कळलं की फॅलन हळू वाजवतोय ते बरंच आहे. तरी तक्रार पूर्ण मागे घेत नाही. 2 आणि 3 मध्ये पॅडर मर्सियर आहे, तो हाडांच्या पट्ट्याही वाजवतो, आणि तिथे कानाला बरोबर पुरतं. 6 पासून, म्हणजे 1976 पासून, केविन कनेफ येतो. गातोही छान. पण संच पुढे सरकतो तसा ढोल मला पुढेपुढे आल्यासारखा वाटतो आणि ज्याच्यासाठी मी पहिल्या आठवड्यात जीव टाकत होते तेच आता नको होतं. नवरा म्हणतो, हे बाईचं दुखणं आहे, बाउरानचं नाही. 5 ते 8 मला एकाच अंगाचे वाटले. आवडतात, पण वेगळे ओळखू येत नाहीत.

एका गोष्टीसाठी या लोकांना माझ्याकडून जादा गुण. पहिला अल्बम 1963 चा, दुसरा थेट 1969 चा. मला आधी हा आळस वाटला होता. पण ही सगळी नोकरदार माणसं. मोलोनी बांधकाम साहित्याच्या कंपनीत हिशेब बघायचा, टब्रिडी इंजिनियर. मोलोनी पुढे त्यांच्याच अल्बमवाल्या क्लाडा रेकॉर्ड्सचं काम बघायला लागला, तरी मंडळींनी नोकऱ्या सोडल्या त्या 1975 मध्ये, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल सेंट पॅट्रिकच्या दिवशी भरून दाखवल्यावर. तेरा वर्षं पगार चालू ठेवून वाजवलं! आमच्या घरात याला कला म्हणतात.

9 नंबर 1979 चा. पॉट्स आणि टब्रिडी जाऊन मॅट मॉलॉयची बासरी आली. त्याचा श्वास आधीच्यापेक्षा लांब आणि धारदार आहे. फक्त त्याच्यासाठी 9 घ्यावा. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला फीनिक्स पार्कमध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले, तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांपुढे चीफ्टन्स वाजवत होते. 10 मध्ये अटलांटिकपलीकडच्या चाली शिरतात, आणि मग 1983 चा चीन दौरा, 1988 ला गायक व्हॅन मॉरिसनबरोबर अल्बम, 1995 च्या अल्बमवर मिक जॅगर आणि स्टिंग हे पाहुणे गायक. सहा ग्रॅमी मिळाल्या, पण मी घेतलेल्या संचात ते येत नाही आणि पाहुण्यांची गर्दी मला घरातही आवडत नाही.

नवीन घेणाऱ्यांनी पूर्ण संचाच्या नादी लागू नये. 2 आणि 9 सुटे घ्या, 3 स्वस्तात मिळाला तर तोही. विकणाऱ्याकडून डब्यांचे नव्हे, सीडींच्या वरच्या बाजूचे फोटो मागवा, नंबर वाचता येईल असे. आणि स्पीकरचा बास शून्यावर ठेवून सुरू करा.