1911चा ग्रामोफोन आणि स्टार स्क्रू

ग्रामोफोन घरी येऊन तीन दिवस झाले होते. चावी देताना करकर येते म्हणून मी पेटी उलटी केली आणि तळाचे स्क्रू बघून तसाच खाली बसलो. सगळे फुलीच्या खाचेचे, आपण ज्यांना स्टार स्क्रू म्हणतो ते. विकणाऱ्याने वस्तू 1911ची सांगितली होती. या स्क्रूची पेटंटं हेन्री फिलिप्सला अमेरिकेत मिळाली ती 1936 साली. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदलला असेल, मान्य. पण सगळेच्या सगळे?

जुन्या बाजारात आम्ही चौघं नुसतं फिरायला गेलो होतो. बाबा पितळी कर्ण्यासमोर थबकले आणि विकणाऱ्याने ते बरोबर हेरलं. माझ्याशी तो बोललाच नाही. "काका, हात लावून बघा. तुमच्या घरी होता ना असा?" बाबांच्या वयाच्या दहा जणांना हे विचारलं तर निम्मे तरी हो म्हणतील, हे मला आता सुचतंय. बाबा हो म्हणाले. मुलीला त्याने चावी फिरवायला दिली, 78 फेऱ्यांची तबकडी लावली, आणि खरखरत का होईना, गाणं लागलं.

तेवढ्यात एक गृहस्थ आले, भाव विचारला, "ठेवा बाजूला, अर्ध्या तासात पैसे आणतो" म्हणून गेले. बायकोने माझी बाही ओढली, "आधी आतून उघडून दाखवायला सांग." मी काय म्हणालो? "आवाज येतोय ना, आणखी काय बघायचंय!" हे वाक्य घरात अजून रोज एकदा तरी मला ऐकवलं जातं.

आवाज येतो, कारण आतला भाग खरोखरच जुना असतो. पुढे एका दुरुस्ती करणाऱ्याने पेटी खोलून दाखवली. मोडीत निघालेल्या सुटकेससारख्या पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर आणि साऊंडबॉक्स (सुईच्या थरथरीचा आवाज करणारी डबी) नव्या अष्टकोनी पेटीत बसवलेले, त्यावर नवाकोरा पितळी कर्णा. संग्राहक अशा जोडकामाला चेष्टेने 'क्रॅपोफोन' म्हणतात, 'क्रॅप' म्हणजे टाकाऊ. पुढे कुत्र्याच्या चित्राची चकचकीत पट्टी खिळ्यांनी ठोकलेली. फ्रान्सिस बरॉने रंगवलेलं ते चित्र ग्रामोफोन कंपनीने 1899 साली विकत घेतलं. नकली मालावर तेच दिसतं, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं. पट्टी काय, कोणीही छापतो.

लाकूड तर नाकानेच कळलं असतं. वरून काळपट, कडेला झिजवल्यासारखं, पण आतून ताजं प्लायवूड आणि पॉलिशचा वास. खरी झीज जिथे हात लागतो तिथे होते: झाकणाची पुढची कड, चावीभोवतीचं लाकूड, तबकडी थांबवायचा खटका. आमच्या पेटीची झीज चारही कोपऱ्यांना अगदी सारखी होती, जणू मोजून केलेली. कर्ण्याचंही तेच. पितळ वर्षानुवर्षं कळकतं तेव्हा सांध्यांत आणि कंगोऱ्यांत जास्त, उघड्या भागावर कमी. इथे सगळीकडे एकच काळसर हात फिरवलेला. (मुलीने ओल्या फडक्याने पुसला, तर फडकंच काळं झालं. तेव्हाही मी 'जुनी धूळ' म्हणालो होतो.)

पुढच्या रविवारी एकटाच पेटी घेऊन गेलो. ठेल्यावर विकणारा नव्हता. स्टुलावर बसलेले होते ते अर्ध्या तासात पैसे आणणारे गृहस्थ, आणि मागे आमच्यासारखेच आणखी दोन कर्णे. त्यांनी आवाज चढवला नाही, ओळखही दाखवली नाही. फक्त पावती मागितली. ती मी तोवर धड वाचलीच नव्हती. 1911 तिच्यावर कुठेही नव्हतं, ग्रामोफोन हा शब्दसुद्धा नव्हता. लिहिलं होतं, 'पितळी शोभेची वस्तू, 1 नग. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' खाली सही माझीच.