गाईच्या पिशवीत (गर्भाशयात) औषध सोडावं की पीजीचं (प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाचं) इंजेक्शन द्यावं?

गाय व्यायल्याला चारेक आठवडे झालेत, ताप नाही, वैरण खाते, दूधही बरं आहे. पण खाली बसली की निरणातून (योनीच्या तोंडातून) पांढरट पू गळतो आणि शेपटीवर वाळून राहतो. हे लिहितोय ते अशाच गाईबद्दल. व्यायल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत घाण वासाचा, पातळ लालसर स्राव आणि ताप असेल, तर तुलना करत बसू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

मी दोन्ही उपाय करून घेतलेत आणि दोन्हींनी गाई गाभण राहिल्यात. पिशवीत प्रतिजैविक सोडलं की ते थेट दुखण्यावर पोचतं, हे पटण्यासारखं आहे. औषध कोणतं, ते मात्र बघा. ऑक्सिटेट्रासायक्लिन पिशवीतून रक्तात आणि तिथून दुधात उतरतं, शिवाय आतल्या अस्तराला झोंबतं. सेफापिरिनचा तो त्रास कमी. तरी दूध किती दिवस वेगळं ठेवायचं, ते लेबलवर वाचाच.

माझं मन पीजीकडे फिरलं ते वेगळ्याच कारणाने. औषध सोडल्यावर स्राव थांबतो, पण आतून पिशवी साफ झाली की नुसतं बाहेर येणं बंद झालं, ते कळत नाही. पुढच्या माजापर्यंत अंदाजच. तो माज मुका (लक्षणं न दाखवता) गेला की आणखी तीन आठवडे वाया. ही टांगणी मला सोसत नाही.

पीजीने अंडाशयावरचा पीतपिंड (माज रोखून धरणारी गाठ) विरतो आणि बहुतेक गाई दोन ते पाच दिवसांत माजावर येतात. गर्भाशयाचं तोंड उघडतं, पिशवी आकसून घाण बाहेर टाकते आणि निकाल तुमच्या हातात येतो. सोट (माजात गळणारा चिकट स्राव) तळहातावर घेऊन उजेडात धरायचा. काचेसारखा असेल तर उत्तम. दह्याच्या कणांसारखे ठिपके दिसले, तर त्या माजाला भरवायचं (रेतन करायचं) नाही.

पीजीने पिशवी खरंच बरी होते का, यावर संशोधकांचं एकमत नाही, हे मान्य. पीतपिंडच नसेल तर माजही येणार नाही; म्हणून खंगलेल्या, माजच न दाखवणाऱ्या गाईला मी हे सुचवणार नाही. गाय गाभण नाही ना, याची खात्री आधी हवी, नाहीतर गाभडेल. औषध कातडीतून शरीरात जातं, त्यामुळे गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने सिरिंजला हातही लावू नये.

सोट खराब निघाला तर डॉक्टरांना विचारून दोनेक आठवड्यांनी पुन्हा इंजेक्शन. त्यानंतरही पू दिसला, तर मग मी हट्ट धरत नाही. त्याच माजात, तोंड उघडं आहे तोवर, पिशवीत औषध सोडून घेतो.